चुकीची नक्कल : खोटी ‘एरर’ नाणी आणि त्यांची पारख

१/१३
टाकसाळीतून सदोष निघालेले नाणे हे एका क्षणाचे प्रांजळ साक्षीदार असते. चकती सरकली, ठसा झिजला, भलताच धातू यंत्रात गेला, आणि त्या क्षणाची नोंद कायमची उमटली. म्हणूनच संग्राहक अशा ‘एरर’ नाण्यासाठी दर्शनी मूल्याच्या कित्येक पट किंमत मोजतो. मात्र ऑनलाइन लिलावांत विकले जाणारे अनेक ‘दोष’ टाकसाळीत नव्हे, तर कानस आणि हातोडीने घडवलेले असतात. #धागा

२/१३
नाण्याकडे संशयाने पाहणे मराठी समाजाला नवे नाही. अनेक टाकसाळींची, कमीअधिक कसाची नाणी बाजारात एकाच वेळी फिरत, त्या काळी त्यांची पारख करणारा पोतदार हा कारभारातला महत्त्वाचा माणूस होता. झिजलेल्या वा हलक्या नाण्यावर सराफ ‘बट्टा’ कापून घेई. आजच्या लिलावात पोतदार नसतो. ते काम खरेदीदारालाच करावे लागते.

३/१३
संग्राहकाला फसवण्यासाठी नाणी बनवण्याची परंपराही जुनी आहे. जर्मनीतील कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) याने प्राचीन ग्रीक-रोमन नाण्यांचे शेकडो ठसे स्वतः कोरले. ताजी नाणी जुनी दिसावीत म्हणून तो ती लोखंडाचा कीस आणि चरबी भरलेल्या पेटीत ठेवी, आणि ती पेटी घोडागाडीला बांधून रपेट करून येई. कौशल्य असामान्य होते, हेतू मात्र तोच होता.

४/१३
आधुनिक ‘एरर’ नाण्यांत सर्वाधिक नक्कल झालेल्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेचा १९४३ सालचा तांब्याचा सेंट. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी तांबे हवे होते, म्हणून त्या वर्षी सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादावर पाडले गेले. अशी शंभर कोटींहून अधिक नाणी निघाली. परंतु आदल्या वर्षीच्या ब्राँझच्या काही चकत्या यंत्रसामग्रीत अडकून राहिल्या होत्या आणि त्यांच्यावरही १९४३ चा ठसा पडला.

५/१३
अशी सुमारे चाळीस नाणीच आज ज्ञात आहेत. त्यांपैकी एक १९४७ साली मॅसॅच्युसेट्समधील एका शाळकरी मुलाला जेवणाच्या सुट्ट्या पैशांत मिळाले. असे नाणे आणून देणाऱ्यास हेन्री फोर्ड मोटार बक्षीस देणार, अशी अफवा तेव्हा पसरली होती. ती खोटी ठरली. नाणे मात्र खरे होते. जानेवारी २०१९ मध्ये त्याला लिलावात २ लाख ४ हजार डॉलर मिळाले.

६/१३
एवढ्या किमतीमागोमाग नकला आल्याच. त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात पोलादी सेंटावर तांब्याचा मुलामा चढवतात. तो लोहचुंबकाला चिकटताच उघडा पडतो, कारण अस्सल ब्राँझ चिकटत नाही. वजनही सांगते : पोलादी नाणे सुमारे २.७ ग्रॅम, ब्राँझचे ३.११ ग्रॅम. दुसऱ्यात १९४८ च्या सेंटातील ८ घासून त्याचा ३ करतात. हे नाणे चुंबक आणि तराजू या दोन्हींना फसवते. पण १९४३ च्या अस्सल ३ चे शेपूट ओळीखाली लांब उतरते, घासलेल्या ८ चे उतरत नाही.

७/१३
या उदाहरणातून पारखीचे मूळ सूत्र मिळते : दोष कसा घडला असेल, याची क्रमवार कल्पना करता आली पाहिजे. धातूच्या पट्ट्यातून चकत्या कापतात, त्यांची कड दाबून उंचावतात, मग दोन ठशांमध्ये चकती दाबून नाणे पाडतात. खरा दोष यांपैकी कोणत्या तरी टप्प्यावर घडलेला असतो. जो दोष कोणत्याच टप्प्यावर घडू शकत नाही, तो टाकसाळीबाहेरचा.

८/१३
चंद्रकोरीसारखा तुकडा कापला गेलेले नाणे पाहा. पट्ट्यातील आधीच्या छिद्रावर कातण पडल्याने असा दोष होतो. पुढे कड उंचावताना त्या जागी दाबच बसत नाही, आणि म्हणून नेमकी समोरची कडही बहुधा अस्पष्ट राहते. घरी कापलेल्या नाण्यात समोरची कड शाबूत व ठसठशीत असते. कापणाऱ्याला समोरच्या बाजूची आठवण होत नाही.

९/१३
कधी आधीचे नाणे ठशाला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर त्याची उलटी, खोलगट प्रतिमा उमटते. अशा अस्सल नाण्याची दुसरी बाजू मात्र सामान्यतः व्यवस्थित उठलेली असते. नकली प्रकारात दोन तयार नाणी एकमेकांवर ठेवून दाबतात. मग उलट्या अक्षरांखाली मूळचे नक्षीकाम चिरडलेले दिसते आणि दुसरी बाजू चपटी होते.

१०/१३
दोन्हीकडे ‘छाप’ असलेले नाणे बहुतेक वेळा जादूगाराच्या पोतडीतले असते. एक नाणे आतून कोरून त्यात दुसऱ्याची घासलेली चकती बसवलेली असते. कडेच्या आतल्या अंगाला भिंगातून बारीक सांधा दिसतो, आणि खणखणीत नादाऐवजी बोदा आवाज येतो.

११/१३
भारतीय बाजाराचे स्वतःचे आजार आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, १८१८ साल आणि राम-दरबार वा हनुमान कोरलेली ‘नाणी’ सर्रास विकली जातात. कंपनीने चलनासाठी अशी नाणी कधीच काढली नाहीत. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपले नाव वापरून शुल्क व कमिशन मागितले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला. अशा व्यवहारांत बँक पडत नाही आणि शुल्कही मागत नाही.

१२/१३
बोली लावण्यापूर्वी काही गोष्टी मागाव्यात : दोन्ही बाजूंची व कडेची स्पष्ट छायाचित्रे, दशांशापर्यंत वजन आणि लेखी परतीची अट. प्रमाणपत्र असेल, तर त्याचा क्रमांक प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळावा, कारण बंद डबीचीही नक्कल होते. ‘एकमेव’ नाण्याचे तेच ओरखडे दुसऱ्या नगावर दिसले, तर दोन्ही सोडावेत. आणि भाव ठरवताना मागितलेली नव्हे, प्रत्यक्ष मिळालेली किंमत पाहावी.

१३/१३
यात केवळ नवख्या संग्राहकाची पुंजी पणाला लागत नाही. तांब्याचा एक सेंट युद्धकाळातली धातूटंचाई आणि टाकसाळीतली घाई यांविषयी बोलतो. घासलेला ८ फक्त विक्रेत्याच्या लोभाविषयी बोलतो. नकला वाढल्या की खऱ्या साक्षीदारावरचाही विश्वास उडतो, आणि उद्या एखाद्याच्या हाती सुट्ट्या पैशांत अस्सल दोष आला तरी तो त्याला खोटा समजून खर्चून टाकेल. म्हणून पहिल्या ‘एरर’ नाण्याआधी एक भिंग, एक चुंबक आणि एक छोटा तराजू विकत घ्यावा. (समाप्त)