केंट रिजची उघडी इमारत

सिंगापूरला पाहुणे आले की आपण मंडळी त्यांना मरीना बे, सेंटोसा आणि मुस्तफा असा ठरलेला दौरा घडवतो. गेल्या महिन्यात पुण्याहून आमचे चुलतभाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी आले, तेव्हा मात्र कन्येने हट्ट धरला, "काका, आधी माझं कॉलेज!" ती एन.यू.एस.ला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. निघाली वरात केंट रिजला.

तिच्या इमारतीचं नाव एस.डी.ई.४. (नाव ऐकून वाटावं, एखादं सरकारी खातं!) सहा मजली, २०१९ साली सुरू झालेली, सेरी आणि मल्टिप्लाय या दोन आर्किटेक्ट मंडळींनी रचलेली. छपरावर बाराशेच्या वर सोलर पॅनेल. वर्षाकाठी लागेल तेवढी वीज तिथल्या तिथे करायची असा हिशोब. प्रथमदर्शनी मात्र बांधकाम अर्धवट राहिलंय असंच वाटतं. रुंद व्हरांडे, उघडे जिने आणि वर भलंमोठं पुढे आलेलं छप्पर. वर्गात थंड हवा सोडतात, पण बेताची. बाकीचं काम छताचे पंखे करतात. वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, आमच्या शाळेसारखंच की!"

आम्ही पडलो एअरकंडिशनिंगचे इंजिनियर. परदेशात मास्टर्स केलं तेही त्यातच. वीस वर्षं एकच काम केलं: इमारत चहूबाजूंनी काचेने बंद करायची आणि आत तेवीस अंश राखायचे. ऑफिसातल्या मुली शाली पांघरून बसतात हे आम्हाला दिसत होतं, पण "उकडतंय" अशी तक्रार आली नाही म्हणजे झालं! त्या व्हरांड्यात वाऱ्यावर उभं राहून आम्ही जरा गप्पच झालो.

कन्या पहिल्या वर्षी अशी नव्हती. तेव्हा इमारत म्हणजे बाहेरून दिसते ती. खोलीत झाहा हदीदच्या इमारतींचे फोटो. पहिल्या मोठ्या क्रिटला तिने लाटेसारख्या छपराचं मॉडेल नेलं. रात्र रात्र जागून केलेलं. सरांनी एवढंच विचारलं, "पाऊस आला की हे पाणी कुठे जाणार?" घरी येऊन रडली. सौ.ने शिरा केला.

दुसऱ्या वर्षी ही बया वही घेऊन एच.डी.बी.च्या ब्लॉकांखाली, व्हॉइड डेकमध्ये, तास न् तास बसू लागली. कोण येतं, किती वेळ टेकतं, पावसाची झड कुठून येते, सगळं टिपायचं. आम्हाला वाटे, फी भरतोय ती याचसाठी का?

लहानपणी मलेशियाची बस पकडायला बीच रोडच्या गोल्डन माइल कॉम्प्लेक्सला गेलो की ती नाक मुरडायची. १९७३ सालची ती पायऱ्यापायऱ्यांची इमारत; २००६ साली संसदेत तिला 'उभी झोपडपट्टी' म्हणून हिणवलं होतं. २०२१ साली ती पाडायची नाही, जपायची असं ठरलं. कन्या हे हल्ली अशा सुरात सांगते, की जणू आजोबांचं ऑपरेशन नीट पार पडलं!

संध्याकाळी आमच्याच ब्लॉकखाली कोपी पीत बसलो, तेव्हा दादांनी पिशवीतून नकाशा काढला. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या जागी होणाऱ्या इमारतीचा. वाडा गळतो, जिना कुजलाय, तो पाडण्याबद्दल कुणाचंच दुमत नाही. कन्येचंही नाही.

"काका, आत्याआजी दिवसभर कुठे बसणार?"

"का? तिला दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके आहे. लिफ्ट आहे."

"ती आत्ता ओसरीवर बसते. मी डिसेंबरात मोजलं. दुपारी चार ते सात, अकरा माणसं तिच्याशी बोलून गेली."

नकाशात तळमजल्यावर नुसतं पार्किंग होतं. कन्येने दाराजवळच्या दोन गाड्यांच्या जागेवर पेन्सिलीने एक ओटा काढला, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असा.

दादा चष्मा पुसत म्हणाले, "अगं, यातली एक गाडी माझी, आणि एक तुझ्या बाबांची."

आमची गाडी पुण्यात नाहीच. वर्षाला पंधरा दिवस जातो, तेही रिक्षाने फिरतो. आम्ही सौ.कडे पाहिलं आणि आमची जागा तिथेच सोडून दिली. दादा अजून काही बोललेले नाहीत. सह्या दिवाळीनंतर आहेत.