२५३ नंबरचा रकाना

मजकुरात नमुने (पॅटर्न) शोधणाऱ्या रेजेक्सला अक्षर कळत नाही, रकाना कळतो. मजकुरातला प्रत्येक बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. तो अक्षर की अंक, त्याचा छोटा-मोठा जोडीदार कोण, हे लायब्ररी एका तक्त्यात बघते. फिलिप हेझल यांनी १९९७ साली केंब्रिजमध्ये लिहायला घेतलेल्या पीसीआरई या रेजेक्स लायब्ररीत हा तक्ता अवघ्या १०८८ बाइटांचा आहे. लोकेल म्हणजे एखाद्या भाषेच्या अक्षरांचे नियम; आयता मिळतो तो तक्ता सी लोकेलचा, म्हणजे सी भाषेच्या मूळ नियमांचा. १२७ च्या पुढच्या कुणालाही तो अक्षर मानत नाही.

माझ्याकडे आलेला मजकूर जुना, तुर्की होता, एका बाइटला एक अक्षर अशा एन्कोडिंगमधला. तुर्कीत आय दोन: टिंबाचा आणि बिनटिंबाचा. टिंबाचा आय मोठा झाला तरी टिंब सोडत नाही. इंग्रजीत ७३ ची, म्हणजे मोठ्या आयची, जोडी १०५ शी, म्हणजे छोट्या आयशी. तुर्कीत ती मोडते. ७३ ची गाठ २५३ शी, म्हणजे छोट्या बिनटिंबाच्या आयशी; १०५ ची २२१ शी, म्हणजे मोठ्या टिंबाच्या आयशी. हेच २५३ आणि २२१ पश्चिम युरोपच्या लॅटिन-१ मध्ये मात्र एकमेकांचे जोडीदार. आकडे तेच, सोयरिकी निराळ्या.

तक्ता करायचं काम जनगणनेसारखं. लोकेल तुर्की करायचं, ० ते २५५ एकेकाला सी लायब्ररीपुढे उभं करून विचारायचं: अक्षर आहेस? छोटा आहेस? मिळेल ते उत्तर मुकाट लिहून घ्यायचं. मी लिहून घेतलं, प्रोग्रॅम चालवला, तर बिनटिंबाच्या आयपाशी प्रत्येक शब्द तुटायला लागला. दोन दिवस पॅटर्नमध्ये चूक शोधली. शेवटी तक्ताच उघडला. २५३ च्या रकान्यात शून्य. त्या यंत्रावर तुर्की लोकेल बसवलेलंच नव्हतं. लोकेल बदलायच्या फंक्शनने नकार कळवला होता, तो मी वाचलाच नव्हता. नाव तुर्की दिलं होतं, आत आयताच तक्ता होता.

लोकेल बसवलं आणि दुसरी खोड उघडी पडली. सेटिंग्जच्या फाइलमधले इंग्रजी शब्दही मी त्याच तक्त्याने तपासत होतो. कॅपिटलमधला ‘टायटल’ आता छोट्या लिपीतल्या ‘टायटल’शी जुळेना, कारण त्यातल्या आयचं लग्न दुसरीकडे लागलं होतं. तेव्हापासून दोन तक्ते ठेवतो: माणसांच्या मजकुराला त्यांच्या भाषेचा, यंत्राच्या शब्दांना सीचा.

एकदा गंमत म्हणून आपला ‘म’ लॅटिन-१ च्या तक्त्यापुढे उभा केला. यूटीएफ-८ मध्ये त्याचे तीन बाइट: २२४, १६४, १७४. लॅटिन-१ च्या हिशेबात पहिला फ्रेंच अक्षर, दुसरा चलनाची खूण, तिसरा नोंदणीकृत ट्रेडमार्कचं चिन्ह. बिघडलेल्या ईमेलमध्ये दिसतो तो कचरा हाच. युनिकोडने तिन्ही एकत्र वाचले, पण खातेवही तिथेही आहेच. काना, वेलांटी तिच्यात अक्षर नव्हे, ‘खूण’ म्हणून लागते. म्हणून पायथनच्या नेहमीच्या रेजेक्सला शब्द शोधायला सांगा, ‘मराठी’तून ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे हातात येतात.

दोष रेजेक्सचा नाही. त्याने रकाना बघितला. म्हणून नवा तक्ता झाला की मी आधी पॅटर्न चालवत नाही. तक्ता उघडतो, त्या भाषेचं सगळ्यात अडचणीचं अक्षर घेतो आणि त्याच्या रकान्यात काय लिहिलंय ते डोळ्यांनी वाचतो.