टेबल घेताना आधी वायर बघा

चार्जिंग पॉइंट असलेलं छोटं कॉम्प्युटर टेबल आणलं की वायरींचा गुंता संपेल, असं तुम्हालाही वाटत असेल. पण त्या टेबलाची स्वतःची वायर भिंतीतल्या सॉकेटपर्यंत न्यावीच लागते. आमच्या सासूबाई रात्री अंधारात बाथरूमला उठतात. त्यांचा पाय वायरीत अडकू नये म्हणून मी टेबलाची जागा सॉकेटला लागूनच ठरवली आणि त्या मापाचं टेबल शोधलं.

तुम्हीही आधी टेप घ्या. लॅपटॉपसोबत वही मावायला टेबल पुढून मागे किमान २० इंच हवं, उंची साधारण ३० इंच. साधा यूएसबी पोर्ट १०-१२ वॅट देतो. मोबाइलला तेवढं पुरतं, पण लॅपटॉपला बहुधा ४५ ते ६५ वॅट लागतात. म्हणून टेबलाला तीन पिनचं सॉकेटही हवं आणि त्यावर आयएसआय मार्क. त्यात इस्त्री किंवा हीटर मात्र लावू नका. चार्जिंगला लावलेला फोन बंद ड्रॉवरमध्ये ठेवू नका, आत उष्णता कोंडते.

एवढं पाहून झालं की रंग खुशाल मुलांना निवडू द्या.