मैत्रीचा सामना

बदलीच्या नोकरीत माणसाचा एक स्वभाव बनून जातो. नव्या गावी पाऊल टाकले की तो प्रथम घर पाहतो, मग मुलांची शाळा आणि मग मराठी मंडळ. हे तीन आधार सापडले म्हणजे गावाशी आपला परिचय पुरा झाला असे मानून तो स्वस्थ बसतो. गावही त्याला ओळखते ते त्याच्या खुर्चीवरून. खुर्चीवरचा माणूस नेहमी काही तरी देत असतो. मंजुरी, सही, सल्ला, आणि यांपैकी काहीच देता आले नाही तर निदान पुढची तारीख! देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली ही रीत अंगवळणी पडते, आणि कचेरीबाहेर आपण चार लोकांच्या उपयोगी पडू पाहतो तेव्हा त्या सेवेतही ती आपल्यामागून हलकेच येऊन उभी राहते.

येथे बंगळूरला मराठी सभेत वक्ता कोणीही असो, भाषणाचा प्रारंभ बहुधा शहाजीराजांच्या जहागिरीपासून होतो. गोष्ट अभिमानाची खरी. परंतु जहागीरदारांच्या आठवणीवर शेजार जोडता येत नाही. आम्हांला या गावाचा शेजार मिळाला तो सर्जापूर रोडवर, आणि तोही फुटबॉलचा एक सामना हरून.

कोरमंगलच्या बाजूने निघून इब्बलूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र अशी गावे ओलांडीत हा रस्ता आनेकल तालुक्यातील सर्जापूरला जातो. सर्जापूर हे एके काळचे विणकरांचे गाव. आज त्या वाटेवर काचेच्या कचेऱ्या आणि मान उंचावून पाहावी लागणारी घरे उभी आहेत. ती घरे बांधणारे हात रायचूर, कलबुर्गी, बीदरकडून आलेले, काही ओडिशा-बिहारमधूनही. या मजुरांची मुले जवळच्या एका सरकारी शाळेत शिकतात. रविवारी सकाळी काही स्वयंसेवक तेथे गणित आणि इंग्रजी शिकविण्यास जमत. आमच्या कचेरीतील दोघा-तिघांबरोबर आम्हीही त्यांत सामील झालो. दोन तरुण मंडळी थेट जर्मनीहून आली होती. एक मुलगा आणि एक मुलगी. जर्मन सरकारने २००८ साली सुरू केलेल्या ‘वेल्टवेर्ट्स’ या योजनेखाली १८ ते २८ वर्षांचे तरुण परदेशी सेवेला जातात, त्यांपैकी ही होती.

सामन्याची कल्पना मुलांचीच. वर्षअखेरीस शिक्षकांना काही भेट द्यावी असे त्यांच्या मनात होते. आणि त्यांच्याजवळ देण्यासारखे होते ते एवढेच. शाळेची भिंत आणि नव्या इमारतीचे पत्र्याचे कुंपण यांच्यामधील तांबड्या मातीची पट्टी हे मैदान. विटांचे दोन ढीग हा गोल. आमची नेमणूक गोलरक्षक म्हणून झाली. सरकारी नोकरीप्रमाणे येथेही वयोमानानुसार माणसास एका जागी बसविण्यात येते, हे पाहून आम्हांला बरे वाटले.

मुले बहुतेक अनवाणी होती. ते पाहून जर्मन मुलाने आपले बूट काढून ठेवले. तो चांगला खेळणारा होता. परंतु पहिल्या दहा मिनिटांत त्याच्या पायातून चेंडू वारंवार निसटू लागला. बाराएक वर्षांचे पोर समोर आले की तो अडखळे आणि हसून त्याला वाट देई. त्याची सहकारिणीही तसेच करू लागली. आम्हांस त्यात गैर असे काही दिसले नाही. लहानांना जिंकू द्यावे, हा तर मोठेपणाचा जगभर मान्य झालेला शिष्टाचार!

मुलांच्या कर्णधाराने मात्र चेंडूवर पाय ठेवून खेळ थांबविला. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, नाव पुकारले तरी खाली मान घालून उभा राहणारा हा मुलगा. तो त्या जर्मन मुलीपुढे जाऊन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, “अक्का, सरियागि आडि!” म्हणजे, ताई, नीट खेळा. त्याच्या आवाजात विनंती नव्हती. त्या मुलीला कन्नड येत नव्हते. पण अर्थ कळला असावा, कारण तिचा चेहरा लाल झाला. त्यानंतर आमचा संघ खरोखर खेळू लागला, जीव तोडून खेळू लागला, आणि पाच विरुद्ध एक अशा फरकाने हरला.

चौथा गोल अडविताना आम्ही सपशेल आडवे झालो. धूळ खाली बसते आहे तोच कर्णधार धावत आला, आम्हांस हात देऊन उठवीत म्हणाला, “लागलं का ओ काका?”

हे मराठी ऐकून आम्ही गुडघा विसरलो. बीदर जिल्ह्यातील भालकीकडचे त्याचे घर. “वर्गात मराठी बोललं की पोरं हसतात,” एवढेच त्याने सांगितले आणि चेंडू मध्यावर ठेवण्यास तो निघून गेला. ज्या भाषेच्या सभांना आम्ही शाल पांघरून जातो, ती येथे एका मुलाने वर्षभर जिभेखाली दडवून ठेवली होती. आणि जेथे त्याला कोणी हसणार नाही अशी खात्री झाली तेथेच ती बाहेर काढली. वर्गात तो घेणारा होता, मैदानावर देणारा झाला. त्याच्या भाषेला तेवढाच आधार पुरला.

खेळाचा हा गुण या शहराला जुनाच ठाऊक आहे. १८९१ साली मुंबईत सुरू झालेल्या रोव्हर्स चषकावर ब्रिटिश पलटणींची सत्ता होती. १९३७ साली ती मोडली बंगळूर मुस्लिम्स या संघाने, आणि पुढच्याच वर्षी चषक पुन्हा जिंकला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी भारत १-२ असा हरला, तेव्हा आपला एकमेव गोल केला तो बंगळूरच्या सारंगपाणी रामनने. त्या संघातील बरेच खेळाडू अनवाणीच होते. आपल्याकडे कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमी फुटबॉलसाठी ईर्ष्येने झुंजतात, आणि नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातील प्राध्यापक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांच्या हाती उपदेशाऐवजी चेंडू दिला. या सर्वांना एक गोष्ट उमगली होती. मैदानावर दया दाखविणे म्हणजे समोरच्याला खेळाडू न मानणे होय. त्याच्याशी सर्व बळानिशी खेळणे, हाच त्याचा मान.

कन्नड भाषेत चेंडूला ‘चेंडु’च म्हणतात. अक्का आणि अण्णा हे शब्दही दोन्ही घरांत सारखेच नांदतात. दोन भाषांच्या सीमेविषयी पुष्कळ वाद झाले आणि होतील; परंतु विटांच्या दोन ढिगांमध्ये उभे असता समोरून ‘चेंडु, चेंडु’ अशी आरोळी आली, तेव्हा ती कोणत्या भाषेतली हे ठरविण्यास आम्हांस वेळ नव्हता. ती आमच्याकडे येत होती, एवढेच कळले.

आमच्या वाचकांपैकी अनेकजण आज कोठे कोठे परमुलखात असतील. कोणी गुवाहाटीस, कोणी चेन्नईस. आणखी दोन-तीन वर्षांनी बदलीचा हुकूम येईल. निरोपाच्या सभेत श्रीफळ मिळेल आणि आपण केलेल्या कामांची यादी वाचली जाईल. ती खोटी नसते. पण तीत आपण दिलेलेच तेवढे असते. गावाने आपल्याला काय दिले, याचा रकाना कोणत्याही सरकारी नमुन्यात नाही. तो रकाना भरावयाचा असेल तर एखाद्या रविवारी खुर्चीवरून उठून तेथील मुलांच्या मैदानावर अवश्य जावे आणि मनापासून खेळावे. वयाचा विचार करता हरण्याची शक्यताच अधिक. पण हरल्यावर हात देऊन उठविणारा कोणी तरी तेथे भेटतो, आणि तो आपल्याला काका म्हणतो, अण्णा म्हणतो. साहेब म्हणत नाही.