पत्ता बदलणारे घर

शाळेच्या जुन्या हस्तलिखित अंकांची पाने आम्ही घरच्या संगणकावर ठेवली. पण राउटर बंद-चालू झाला की आयपी पत्ता बदले. पुण्याच्या एका माजी विद्यार्थिनीला दिवंगत वडिलांचा शाळकरी निबंध वाचायचा होता, तिचा फोन येई, "सर, उघडत नाही!"

म्हणून डायनॅमिक डीएनएस घेतले. नाव कायम, पत्ता बदलला की छोटा प्रोग्राम नावापुढे नवा पत्ता नोंदवतो. तरीही बंदच! दहावीतल्या मुलाने राउटर तपासला. पत्ता १००.६४ ने सुरू होत होता, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला. बाहेरून आमच्यापर्यंत वाटच नाही. अर्ज करून बदलता का होईना, स्वतंत्र पत्ता मिळवला, पोर्ट उघडला. (आम्ही हिंदी माध्यमवाले, पोर्ट म्हणजे बंदरगाह समजत होतो!)

त्या रात्री फोन आला. ती बराच वेळ बोललीच नाही.