रुप्यावरचा काळेपणा



पावसाळा सरला की पेडणे-डिचोलीकडे घराघरांत कपाटे उघडतात आणि चांदीच्या वस्तू काळ्या पडलेल्या दिसतात. आजीची रोझरी, आल्तारावरचा क्रूस, बाप्तिस्म्याला मिळालेला चमचा. डिचोली पितळी समयांचे गाव, त्यामुळे आपला हात आधी चिंचेकडे जातो. चिंचेने पितळ लखलखते, पण चांदीवर तिचा फारसा उपयोग होत नाही. हवेतला गंधक चांदीला धरतो आणि वर काळा थर बसतो, तो चिंचेला दाद देत नाही. मग राख येते, टूथपेस्ट येते. घासले की थर निघतो खरा, पण त्या काळ्या थरातही चांदीच असते, आणि दर वेळी थोडी थोडी फडक्यावर जाते. मुलाम्याच्या वस्तूचे तर आतले पितळ उघडे पडते.

त्यापेक्षा हे करा. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात तळाला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पसरा. एक लिटर उकळते पाणी, दोन मोठे चमचे खायचा सोडा, एक छोटा चमचा मीठ. वस्तू फॉइलला टेकलीच पाहिजे, नाहीतर काही होत नाही. पाच मिनिटांत कुजक्या अंड्यासारखा वास येईल. खिडकी उघडी ठेवा, तो गंधक सुटल्याचा वास आहे. गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातो आणि चांदी जागच्या जागी राहते. मग साध्या पाण्याने धुऊन जुन्या सुती कापडाने कोरडी करा. खडे, मोती किंवा डिंकाने चिकटवलेले भाग असतील, नक्षीत मुद्दाम काळा रंग भरलेला असेल, तर पाण्यात बुडवू नका. चर्चमधला कालीस आतून सोन्याच्या मुलाम्याचा असतो. तो फादरांना विचारल्याशिवाय घरच्या उपायांनी साफ करू नये, नुसते मऊ फडके पुरे.

मलाखी संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू रुपे शुद्ध करणाऱ्यासारखा बसतो. (आपल्या कोकणीतही चांदी म्हणजे रुपेंच.) पण तिथे विस्तव आहे, कारण तिथला मळ धातूच्या आत मिसळलेला आहे. कपाटातल्या क्रुसाचा काळेपणा तसा नव्हे. तो बाहेरून आला आहे, त्याला भट्टी लागत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात हा फरक मी मुलांना आवर्जून सांगतो. आपण मात्र माणसांच्या बाबतीत तो सहज विसरतो, आणि मिस्सेला न दिसणाऱ्याला थेट भट्टीतच घालतो.

आमच्या वाड्यावरची एक मावशी नवरा गेल्यापासून सहा वर्षे चर्चमध्ये आली नव्हती. लोक बोलत, तीही ऐकत असे. गेल्या वर्षी तिने आईचा क्रूस माझ्याकडे दिला. "मुलीची फी भरायची आहे. सोनार म्हणतो काळा लोखंडी आहे. बघ तरी काय आहे तो." तिच्याच स्वयंपाकघरात आम्ही पाणी उकळले. क्रूस पांढरा झाला आणि मागे 925 हा आकडा दिसला, म्हणजे हजारात 925 भाग चांदी.

ती बराच वेळ तो उलटसुलट करून पाहत राहिली. मग म्हणाली, "कपाटात ठेवला म्हणून असा झाला?"

मी म्हटले, "हो मावशी. रोज हाताळली जाणारी चांदी इतकी काळी पडत नाही."

त्यावर ती काही बोलली नाही, मीही अधिक बोललो नाही. क्रूस तिने विकला, योग्य भावाने, आणि ते बरेच झाले. फी भरली गेली. नोव्हेंबरात मृतांच्या मिस्सेला ती मागच्या बाकावर बसली होती. मुलगी तिच्या शेजारी होती.