वर्गातले घर

आमच्या घरी वडिलांना आम्ही भावंडे 'गुरुजी' म्हणत असू. सारे गाव म्हणे म्हणून आम्हीही म्हणू लागलो, आणि पुढे 'बाबा' म्हणण्याचे धाडस कुणालाच झाले नाही. सातारा जिल्ह्यातील एका डोंगराकडच्या वाडीत जिल्हा परिषदेची एकशिक्षकी शाळा होती. तिचे हेडमास्तर, मास्तर आणि प्रसंगी शिपाईही तेच. सकाळी शाळेत जाताना ते जो चेहरा धारण करीत, तो संध्याकाळी सदऱ्याबरोबर खुंटीला अडकवून ठेवीत नसत. जेवताना बोलायचे नाही. मोठी माणसे बोलत असता हसायचे नाही. ती रागावत असता तर मुळीच नाही. मान खाली आणि हात मागे. आईसुद्धा भाकरी वाढू का, हे डोळ्यांनीच विचारी. शाळेत निरगुडीचा फोक होता. घरी त्याची गरज पडत नसे. गुरुजींच्या वहाणांचा आवाज पुरेसा होता.

हे सारे आज आठवण्याचे कारण असे, की येत्या काही महिन्यांत मी निवृत्त होईन. पस्तीस वर्षे वर्गापुढे उभा आहे. त्यांपैकी पहिली बारा-तेरा वर्षे मी एकटा उभा नव्हतो, माझ्या शेजारी गुरुजीही उभे होते, हे मला फार उशिरा कळले. ते कसे कळले तेच सांगायचे आहे.

बी.एड. करीत असतानाच मी मनाशी ठरवले होते, की आपण गुरुजींसारखे व्हायचे नाही. छडीला हात लावायचा नाही. हा पण मी पाळला, आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. पण माझा तास सुरू झाला की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरे. आमचे त्या वेळचे प्राचार्य एकदा म्हणाले, "तुमच्या वर्गावरून जाताना वर्ग रिकामाच आहे असं वाटतं!" मी ती शाबासकी समजलो. घरी जाऊन पत्नीलाही सांगितली. ती नुसते "हं" म्हणाली.

शांतता मी कशाने मिळवीत होतो? जिभेने. उशिरा येणाऱ्याला "यावे, आपल्याचसाठी थांबलो होतो," असे म्हणून मी दारातच उभा करी. कुजबुज करणाऱ्याला व्यासपीठावर बोलावून 'व्याख्यान' देण्याची विनंती करी. मुले हसत, तो एकटा रडकुंडीला येई. निरगुडीचा फोक निदान हाताला लागे आणि दोन दिवसांत वळ जाई. पुढे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळांतून शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. तो कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, महाविद्यालयासाठी नाही. पण त्याचे 17 वे कलम वाचताना मी वरमलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

माझ्या शेजारच्या खोलीत इतिहासाच्या बाई शिकवीत. त्यांच्या वर्गातून सतत आवाज येई. मुले बोलत, वाद घालत, मधेच हशा पिके. मला तो अनागोंदी कारभार वाटे. एके दिवशी न राहवून मी म्हणालो, "बाई, वर्ग जरा आवरा." त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, आवाज आहे खरा, पण कसला आहे ते एकदा ऐका तरी." पुढे ओळख वाढल्यावर कळले, की त्यांच्या आईची जिल्ह्याच्या गावी खानावळ होती. रोज तीस-चाळीस माणसे जेवायला असत. ताटांचा, पेल्यांचा, हाकांचा एकच गलका. स्वयंपाकघरात बसून, कोणत्या पंगतीत आमटी संपली आणि कुठे नुसत्याच गप्पा चालल्या आहेत, हे त्यांची आई आवाजावरून ओळखी. बाई त्या गलक्यात अभ्यास करून एम.ए. झाल्या. गोंगाट त्यांना अपमान वाटतच नसे. त्या बाकांमधून फिरत, आणि जिथे 'नुसत्याच गप्पा' चालल्या असतील तिथे नेमक्या जाऊन उभ्या राहत.

एकदा माझा तास चालू असता ऑफिसात फोन आला म्हणून मला बोलावले. मी जिना उतरतो न उतरतो तोच माझ्या त्या 'रिकाम्या' वर्गातून असा काही आवाज फुटला, की धरणाचे दार उघडावे! परत येताना बाईंच्या वर्गावरून गेलो. त्याही कशासाठी तरी बाहेर गेल्या होत्या, आणि मुले आपापसात पानिपतावर भांडत होती. मला तेव्हा बी.एड.ला वाचलेला एक प्रयोग आठवला. कुर्ट लेविन आणि त्याचे सहकारी लिपिट व व्हाइट यांनी अमेरिकेत दहा वर्षांच्या मुलांच्या मंडळांवर तो केला आणि 1939 साली प्रसिद्ध केला. हुकूम सोडणारा प्रमुख खोलीबाहेर गेला की त्याच्या मुलांचे काम ढेपाळे. मुलांना विचारून चालणारा बाहेर गेला तरी त्याच्या मुलांचे काम चालू राही. परीक्षेत या प्रयोगावर मी पानभर उत्तर लिहिले होते. जिन्यावर उभे राहिल्यावर तो पहिल्यांदा समजला.

समजला, पण बदललो मात्र नाही. बदलायला आणखी एक प्रसंग घडावा लागला.

2003 साल असावे. प्रथम वर्ष कलेचा वर्ग. तिसऱ्या बाकावर एस.टी.ने येणारी एक मुलगी बसे. नाव सांगत नाही. सलग तिसऱ्या दिवशी तिने पाठ्यपुस्तक आणले नव्हते. मी तिला उभे केले आणि माझ्या नेहमीच्या पद्धतीने बोलू लागलो. बोलता बोलता पाहतो तो मुलगी हसत होती! ओठ मुडपून नव्हे, चांगली दात दिसतील अशी. माझा आवाज चढला, तसे तिचे हसू रुंदावले. माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. मोठे रागावत असता हसणे! मी ओरडलो, "हसतेस काय? हे तुझं घर नाही! चालती हो वर्गाबाहेर!" ती हसतच पिशवी उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मी हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा करीत राहिलो. आठ दिवसांनी इतिहासाच्या बाई स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, ती हसत नव्हती."

त्यांना ते त्या मुलीच्या मैत्रिणीकडून कळले होते. वडील पिऊन घरी येत आणि आरडाओरडा करीत. धाकटी दोन भावंडे भिऊन रडू लागत, आणि ती रडली की मार वाढे. तेव्हा मोठ्या बहिणीने, वयाच्या कितव्या वर्षी कोण जाणे, एक युक्ती काढली होती. आवाज चढला की ती भावंडांकडे बघून हसे. काही नाही, गंमत चालली आहे, असे त्यांना वाटावे म्हणून. पुढे पुढे आवाज कुणाचाही चढो, तिचा चेहरा आपोआप तसा होई. पुस्तक न आणण्याचे कारणही तेच घर होते. ते सांगण्याची गरज नाही.

मला त्या रात्री झोप आली नाही. "हे तुझं घर नाही," असे मी म्हणालो होतो. घटकाभर त्या घरातून सुटावे म्हणून ती पोर दहा कोस एस.टी.ने येत होती, आणि मी वर्गाचे तेच घर करून दाखवले! आणि तिला तिचे घर बाहेर ठेवायला सांगणाऱ्या मी स्वतः काय केले होते? वर्गाचा कोणता नियम तिने मोडला होता? पुस्तक न आणण्याचा. त्याला दोन वाक्ये पुरली असती. बाकीचा सगळा संताप आमच्या वाडीतल्या घरचा होता. नियम मोडला होता तो गुरुजींच्या ओसरीवरचा.

आता ते कसे निस्तरावे? येथेही घरच आडवे आले. लहानपणी एकदा दुसऱ्याच्या दंग्यासाठी गुरुजींनी मला वर्गात मारले होते. खरे काय ते त्यांना संध्याकाळपर्यंत कळले. ते काही बोलले नाहीत. सकाळी पाहतो तो माझ्या पाटीची निखळलेली चौकट नवे खिळे मारून पक्की केलेली. आमच्या घरी माफी अशी मागत. मीही तसेच केले. पाठ्यपुस्तकाची नवी प्रत विकत घेऊन मैत्रिणीच्या हाती पाठवली. मुलगी परत आली, पण शेवटच्या बाकावर बसली. पुस्तक उघडून समोर ठेवी आणि वर बघत नसे. आता ती हसतही नव्हती. तिच्याकडे पाहताना मला माझी ती पाटी आठवे. चौकट पक्की झाली होती खरी, पण मी वाट पाहत होतो ती एका शब्दाची. तो शब्द 1998 साली गुरुजींबरोबर गेला.

चार दिवसांनी तासाच्या सुरुवातीलाच मी म्हणालो, "त्या दिवशी मी एका विद्यार्थिनीला वर्गाबाहेर काढलं. चूक माझी होती. बोललो सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागतो." एवढेच. घसा कोरडा पडला होता. वर्ग शांत झाला. पण ती शांतता मी पूर्वी ऐकलेली नव्हती. मुलगी मान खाली घालून बसली होती. पुढे ती पदवीपर्यंत शिकली. विशेष विषय म्हणून तिने मराठी घेतला नाही, इतिहास घेतला. ते योग्यच झाले.

त्यानंतर मी गुरुजींचा पुष्कळ विचार केला, आणि त्यांच्यावरही अन्याय नको म्हणून हे लिहितो. एका खोलीत चार इयत्ता, चार बस्करपट्ट्या आणि एक मास्तर. पहिली मुळाक्षरे गिरवते आहे, दुसरी शुद्धलेखन लिहिते आहे, तिसरी गणिते सोडवते आहे, तेव्हा कुठे चौथीला पंधरा मिनिटे शिकवता येणार. एका पट्टीवर गलका झाला की उरलेल्या तिघींचे काम बुडाले. ती शांतता त्यांच्या धंद्याचे अवजार होते. मी त्यांचे अवजार उचलले. काम कोणते ते पाहिले नाही. आणि त्यांची दुसरी एक सवय मात्र उचलायला विसरलो. एखादा पोरगा दोन दिवस आला नाही की गुरुजी संध्याकाळी त्याच्या घरी चालत जात, मग तो डोंगराच्या पलीकडच्या वस्तीवर का असेना. माझ्या वर्गातली मुलगी आठ दिवस आली नाही, आणि मी नुसत्या खुणा करीत बसलो!

डॅन लॉर्टी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1975 सालच्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे, की शिक्षकाची उमेदवारी अध्यापक विद्यालयात सुरू होत नाही. विद्यार्थी म्हणून बाकावर बसून शिक्षकांना पाहण्यात जी हजारो तास जातात, तिथेच ती सुरू होते. मी त्यात ओसरीवरचे तासही धरीन. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या शाळेत होते. तेथील छात्रालयात मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते न बोलता स्वतःच आवरीत, आणि मुले लाजून आवरायला शिकत. ही रीत त्यांना कोणत्या पदवीने दिली? त्यांच्या आईने घरी जे दिले तेच ते छात्रालयात वाटत होते. मात्र आपण सगळेच काही अशी शिदोरी घेऊन येत नाही. आमच्याकडे पूर्वी एक तरुण प्राध्यापक होते. सहा बहिणींच्या पाठीवर झालेले, लाडके. कुणी आपल्यावर नाराज आहे हे त्यांना सोसतच नसे. मुलांना ते काही म्हणजे काही बोलत नसत, मुले डोक्यावर बसत, आणि महिन्यातून एकदा ते असे भडकत की वर्ग अवाक् होई. धाकाचे घर जसे वर्गात येते तसे लाडाचेही येते.

स्वभावाला औषध नाही, असे आपल्याकडे म्हणतात. मला ते तितकेसे पटत नाही. लेविनच्या त्या प्रयोगातली एक गोष्ट मी परीक्षेत लिहायला विसरलो होतो. तिथे हुकूम सोडणारी माणसे आणि विचारून चालणारी माणसे वेगळी नव्हती. तीच माणसे पाळीपाळीने दोन्ही रीतींनी वागली होती. म्हणजे रीत बदलता येते. मी त्यासाठी एकच पथ्य पाळतो. राग आला की बोलण्याआधी स्वतःला विचारतो, 'हा नियम वर्गाचा की आमच्या घरचा?' वेळेवर येणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, वही आणणे हे वर्गाचे नियम आहेत. ते मी आजही कडकपणे पाळून घेतो. मी आलो की ताडकन उभे राहणे, मान खाली घालणे, न हसणे हे आमच्या ओसरीचे. ते मी ओसरीवर ठेवून येतो. नेहमी जमते असे नाही. आणि कुणी चार दिवस दिसले नाही तर खुणा करीत न बसता फोन करतो. गुरुजी चालत जात. मला निदान तेवढे तरी जमावे.

आपल्या महाविद्यालयातून दरवर्षी काही विद्यार्थी बी.एड.ला जातात. पाठ-टाचण कसे काढावे हे त्यांना तिथे उत्तम शिकवतील. मी एवढेच म्हणेन, की पहिल्या तासाला जाण्याआधी एकदा आपल्या घरी जाऊन, तिथे राग आला की कोण काय करी आणि चूक झाली की कोण काय बोले, हे आठवून पाहा. तुम्ही वर्गात जाल तेव्हा ते घर तुमच्याबरोबर येणारच आहे. समोरच्या बाकांवरही साठ-सत्तर घरे बसलेली असतील.

परवा मी फळ्याकडे वळलो असता मागे कुणीतरी खुदकन हसले. माझा हात खडूवर आवळला. मग मी वळून विचारले, "काय झालं? आम्हालाही कळू द्या." घाबरत घाबरत एकाने सांगितले. मी फळ्यावर 'विरामचिन्हे' ऐवजी 'विश्रामचिन्हे' लिहिले होते! मुले म्हणाली, "सर, निवृत्तीचे वेध लागले!"

मीही हसलो, आणि डस्टर उचलला.